स्मृतिभ्रंश : वृद्धांची सोबत व विचारपूस

वार्धक्यात स्मृती, भाषा, दिशाज्ञान व निर्णयशक्ती यांचा ऱ्हास होत असलेल्या व्यक्तीकडे ठरलेल्या दिवशी, शक्यतो एकाच परिचित माणसाने जाणे, तिच्याशी बोलणे, तिच्याबरोबर एखादे साधे काम करणे आणि त्याच वेळी तिचे खाणेपिणे, औषधे, शरीरस्वास्थ्य व सुरक्षितता यांची पाहणी करणे, अशा सेवेचे विवेचन या नोंदीत केले आहे. सोबत आणि विचारपूस ही या सेवेची दोन अंगे होत. सोबतीमुळे रुग्णाचे एकाकीपण कमी होते. विचारपुशीमुळे त्याला स्वतःला सांगता न येणारे दुखणे, उपासमार किंवा छळ वेळीच ध्यानात येतो. ही दोन्ही अंगे एकाच भेटीत साधता येत असल्याने आणि भेट देणारा वैद्यकीय व्यावसायिक असण्याची आवश्यकता नसल्याने, तज्ञ वैद्यांची संख्या मर्यादित असलेल्या जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांसारख्या प्रदेशांत या सेवेस विशेष महत्त्व आहे.

विकाराचे स्वरूप : स्मृतिभ्रंश हा एकच रोग नसून अनेक रोगांत आढळणारा लक्षणसमूह आहे. मेंदूतील कोशिकांचा क्रमाने नाश झाल्यामुळे तो उद्भवतो. निम्म्याहून अधिक रुग्णांत त्याचे मूळ अल्झायमर रोगात असते. आलोइस अल्झायमर (१८६४–१९१५) या जर्मन वैद्यांनी १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथील सभेत या रोगाचे पहिले वर्णन सादर केले आणि एमिल क्रेपेलीन (१८५६–१९२६) यांनी १९१० मध्ये आपल्या पाठ्यग्रंथात त्यास अल्झायमर यांचे नाव दिले. मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील अडथळ्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंश हा दुसरा महत्त्वाचा प्रकार असून पुष्कळ वृद्धांत दोन्ही प्रकार एकत्र आढळतात. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द भगवद्गीतेतही येतो. तथापि तेथे त्याचा अर्थ नैतिक आहे. बोलभाषेत या अवस्थेला ‘म्हातारचळ’ म्हणतात व ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने तिची बोळवण केली जाते. वयोमानाने येणारा किंचित विसराळूपणा आणि हा विकार यांत मात्र स्पष्ट भेद आहे. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे स्वाभाविक होय; चष्मा कशासाठी असतो हे विसरणे, रोजच्या वाटेवर चुकणे किंवा जेवण झाल्याचेच न आठवणे ही विकाराची लक्षणे होत.

विकारात सर्वच क्षमता एकाच वेळी नष्ट होत नाहीत. नुकत्याच घडलेल्या घटनांची स्मृती प्रथम जाते. बालपणीच्या व तरुणपणीच्या आठवणी, हातांना सवयीची असलेली कामे, चाली व लय पुष्कळ काळ टिकतात. भावना त्याहूनही चिवट असतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अल्झायमर रोगाच्या रुग्णांना दुःखद व आनंददायक चित्रफिती दाखविल्या. थोड्याच वेळाने त्यांना चित्रफितींतील तपशील आठवेनासे झाले. परंतु त्यांनी मनात जागविलेले दुःख वा आनंद टिकून राहिला. कोण आले होते हे रुग्ण विसरला, तरी त्या भेटीने लाभलेले समाधान काही काळ त्याच्यापाशी राहते, असा याचा अर्थ होतो. याच न्यायाने खेकसण्याने किंवा चारचौघांतील थट्टेने आलेली अस्वस्थताही राहते. ‘त्याला कुठे काही आठवते, जाऊन काय उपयोग’ हा नित्य ऐकू येणारा युक्तिवाद म्हणूनच शास्त्रास धरून नाही.

व्याप्ती : भारतातील वृद्धांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारलेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार साठ वर्षे व त्यांवरील लोकांपैकी सु. ७·४ टक्के, म्हणजे सु. ८८ लक्ष व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा ग्रामीण भागांत अधिक आढळले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीवरील व्यक्ती सु. १० टक्के होत्या. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सु. ४२·३ लक्ष व धुळे जिल्ह्याची सु. २०·५ लक्ष होती. हीच प्रमाणे गृहीत धरल्यास ५,००० वस्तीच्या गावात सु. ५०० वृद्ध व त्यांतील पस्तीस ते चाळीस स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असतील. सामान्यतः एक हजार वस्तीमागे एक आशा स्वयंसेविका असते. म्हणजे तिच्या वाट्याला असे सातआठ रुग्ण येतात. हा आकडा एका माणसाला नावानिशी लक्षात ठेवता येईल एवढाच आहे, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

संकल्पनेचा विकास : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अशा रुग्णांची व्यवस्था मुख्यतः मनोरुग्णालयांत किंवा घरातील एखाद्या खोलीत होत असे व ‘सांभाळणे’ हाच तिचा हेतू असे. ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवुड (१९३७–९८) यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रुग्णाच्या विकाराऐवजी त्याच्या व्यक्तित्वास केंद्रस्थानी ठेवले. रुग्णाच्या वर्तनातील पुष्कळसा बिघाड मेंदूच्या क्षतीबरोबरच सभोवतालच्या लोकांनी त्याला गप्प बसविणे, घाई करणे, तो समोर असता त्याच्याविषयी परस्पर बोलणे अशा वागणुकीतून उद्भवतो, असे त्यांनी प्रतिपादिले. जपानमध्ये २००४ साली या विकाराचे जुने अवमानकारक नाव शासनाने बदलले व २००५ पासून सामान्य नागरिकांना दीड तासाचे शिक्षण देऊन ‘साहाय्यक’ करण्याची मोहीम सुरू केली. दुकानदार, टपालवाटपे, बँकांतील कर्मचारी व शाळकरी मुले यांनी तीत भाग घेतला. भारतात या क्षेत्रातील संघटित कार्य १९९२ मध्ये केरळात स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेपासून सुरू झाले. महाराष्ट्रात १९९५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या डिग्निटी फाउंडेशनसारख्या संस्थांनी वृद्धांसाठी सोबत, मदतवाहिनी व दिवसनिवारा अशा सेवा चालविल्या; त्यांचा विस्तार मात्र प्रामुख्याने मोठ्या शहरांत झाला.

गोव्यातील प्रयोग : घरी जाऊन केलेल्या विचारपुशीचा परिणाम मोजून पाहणारा एक महत्त्वाचा भारतीय प्रयोग गोव्यात झाला व त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. संगाथ ही संस्था व गोव्यातील स्मृतिभ्रंशविषयक संस्था यांचे कार्यकर्ते त्यात होते. दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबे निवडून त्यांतील ४१ कुटुंबांना लगेच व ४० कुटुंबांना सहा महिन्यांनंतर सेवा देण्यात आली. भेटी देणारे कार्यकर्ते वैद्य वा परिचारक नव्हते. उच्च माध्यमिक शिक्षण, स्थानिक भाषेचे ज्ञान व या कामाची आवड एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. अल्पकालीन प्रशिक्षणानंतर ते पंधरवड्यातून निदान एकदा प्रत्येक घरी जात, कुटुंबास विकाराची माहिती देत, वर्तनातील अडचणींवर उपाय सुचवीत आणि शासकीय योजनांचे अर्ज भरण्यास साहाय्य करीत. मानसोपचारतज्ञ त्यांच्यावर देखरेख ठेवीत व आवश्यक तेथे औषधे देत. सहा महिन्यांअखेर सेवा मिळालेल्या कुटुंबांतील काळजीवाहकांचा मानसिक ताण लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे आढळले. रुग्णांच्या वर्तनातील सुधारणा मात्र संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरली नाही. रोग थांबत नाही, पण घर तग धरते, असा या प्रयोगाचा सारांश सांगता येईल. घर टिकले नाही तर रुग्णाला दुसरा आधार क्वचितच असतो, म्हणून हे फलित अल्प मानता येत नाही.

खानदेशातील परिस्थिती : पूर्वीचा खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असा विभागला गेला, पूर्व खानदेशाचा पुढे जळगाव व पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला, आणि धुळ्यातून १९९८ मध्ये नंदुरबार हा वेगळा जिल्हा निघाला. तापी व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यातील या प्रदेशाचे जीवन कापूस, केळी व ज्वारी यांच्या शेतीवर उभे आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातील कर्ती स्त्री-पुरुष मंडळी सकाळीच बाहेर पडतात. रावेर, यावल या तालुक्यांत केळीच्या बागांची कामे वर्षभर चालतात. यामुळे भरल्या घरातील वृद्धसुद्धा दिवसाचे सातआठ तास एकटा असतो. खानदेशातून सुरत, पुणे, मुंबई व नासिक येथे रोजगारासाठी झालेल्या स्थलांतरामुळे अनेक घरांत केवळ वृद्ध दांपत्यच उरले आहे. त्यांपैकी एकास स्मृतिभ्रंश झाल्यास दुसरा, स्वतः वृद्ध व रोगी असूनही, त्याचा एकमेव काळजीवाहक ठरतो.

परगावी असलेल्या मुलांना हा बदल बहुधा सणाच्या निमित्ताने उमगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी येणाऱ्या कानबाईच्या उत्सवास विखुरलेले भाऊबंद मूळ घरी जमतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी येतात. रोटांचा नेहमीचा विधी आईला आठवत नाही, किंवा ती लेकीला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारते, तेव्हा गेल्या वर्षभरात बरेच काही निसटल्याचे कळून येते. वर्षातून दोनदा होणारी ही पाहणी पुरेशी नाही, हे उघड आहे. ओट्यावरची बैठक, भजनी मंडळ, पारावरचे मित्र व शेजारणींचे येणेजाणे यांतून पूर्वी विचारपूस आपोआप होत असे. रुग्णाचे बोलणे विसंगत होऊ लागले की तो प्रथम याच वर्तुळातून बाहेर पडतो. काही वेळा लोकलज्जेने घरचेच त्याला बाहेर बसू देत नाहीत. सोबतीची सेवा म्हणजे बाहेरून आणलेली नवी रीत नसून, तुटलेला हा धागा नियमाने पुन्हा जोडणे होय.

भाषेचा प्रश्न : खानदेशातील बहुसंख्य वृद्धांची मायबोली अहिराणी असून जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागात तावडी व लेवा गणबोली, तर सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ली व पावरी बोली बोलल्या जातात. दोन भाषा येणाऱ्या व्यक्तीस स्मृतिभ्रंश झाल्यास नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी दुबळी होते व बालपणची बोली अधिक काळ टिकते. त्यामुळे आयुष्यभर कचेरीत प्रमाण मराठी बोललेला निवृत्त कारकून हळूहळू अहिराणीवर येतो. प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आले नाही, म्हणून ‘काहीच समजत नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. निरक्षर वृद्धांच्या बाबतीत वाचन, लेखन व तारीख यांवर आधारलेल्या चाचण्याही दिशाभूल करतात. त्यांची परीक्षा पेरणीचा हंगाम, सण, बाजाराचा वार यांसारख्या त्यांच्या जीवनातील खुणांवरून करणे इष्ट असते. ‘माले घर जानं शे’ असे स्वतःच्याच घरात बसून म्हणणाऱ्या वृद्धेला बहुधा माहेरचे किंवा लहानपणीचे घर अभिप्रेत असते. त्या शब्दांमागील असुरक्षितता तिच्या बोलीत बोलणाऱ्यालाच नीट उमगते. म्हणून सोबतीसाठी निवडावयाच्या व्यक्तीची पहिली पात्रता बोली ही होय.

भेटीची पद्धती : भेटीचा वार, वेळ व माणूस शक्यतो बदलू नये. सकाळची वेळ उत्तम. दिवेलागणीच्या सुमारास अनेक रुग्ण अस्वस्थ होतात. समोरून यावे, नजरेच्या पातळीवर बसावे, प्रथम आपले नाव व नाते सांगावे. ‘मला ओळखलं का?’ हा आपल्याकडे आपुलकीने विचारला जाणारा प्रश्न अशा व्यक्तीपुढे टाळावा. तो तिला चारचौघांत परीक्षेस बसवितो. एका वेळी एकच गोष्ट विचारावी व उत्तरासाठी थांबावे. मृत पतीची वाट पाहणाऱ्या स्त्रीला प्रत्येक वेळी ‘ते वारले’ असे सांगितल्यास तिला ते दुःख दर वेळी नव्याने होते; त्याऐवजी त्यांच्याविषयी बोलते करावे. वाद घालून भ्रम दूर होत नाही, विषयांतराने मात्र पुष्कळदा विसावतो.

गप्पांपेक्षा हातांना काम देणे अधिक सोपे असते. वाती वळणे, तुरीच्या किंवा भुईमुगाच्या शेंगा सोलणे, डाळ निवडणे, लसूण सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे कित्येक वर्षांच्या सवयीची असल्याने शब्द हरपले तरी जमतात. काम बिनचूक व्हावे अशी अपेक्षा नसावी. आपण उपयोगी आहोत ही भावना हेच त्याचे फळ होय. ओव्या, हरिपाठ, भजने व कानबाईची गाणी यांचाही असाच उपयोग होतो. जळगावजवळच्या आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते; त्यांची कविता जाते व शेतकाम यांच्या लयीत उपजली आणि स्मरणात राहिली. लय, हालचाल व शब्द यांची अशी गुंफण झालेले स्मरण दीर्घकाळ टिकते, याचा अनुभव जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या पिढीतील स्त्रियांच्या बाबतीत येतो. पुरुषांशी बोलताना त्यांच्या कर्तेपणीचे विषय काढावेत : भुसावळची वाफेची एंजिने, अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, १९७२ चा दुष्काळ, बैलांची नावे. आयुष्याचा असा फेरआढावा वृद्धांना उपकारक ठरतो, ही कल्पना अमेरिकन मानसोपचारतज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडली होती.

पाहणीचे विषय : सोबतीला आलेल्याने निघण्यापूर्वी काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्या लागतात : पाण्याचा माठ भरलेला आहे का व पेला हाताशी आहे का, स्वयंपाक झाल्याची खूण आहे का, औषधांच्या पाकिटातील गोळ्या दिवसांच्या हिशेबाने संपल्या आहेत का, कपडे ओले वा मळलेले आहेत का, अंग, टाचा व पाठ यांवर जखमा, वळ वा शय्याव्रण आहेत का, चाल डळमळीत झाली आहे का, गॅसची कळ व विजेची उपकरणे सुरक्षित आहेत का. चष्मा व श्रवणयंत्र वापरात आहे का, हेही पाहावे. ऐकू व दिसू न आल्याने रुग्ण आहे त्याहून अधिक भ्रमिष्ट भासतो. एका वहीत तारखेसह दोन ओळींची नोंद ठेवल्यास मागील भेटीशी तुलना करता येते व ती वही वैद्यांना दाखविता येते.

या तुलनेस फार महत्त्व आहे. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी वाढतो. दोनतीन दिवसांत एकाएकी गोंधळ, झापड किंवा बडबड सुरू झाल्यास ती तीव्र संभ्रमावस्था समजावी. मूत्रमार्गाचा वा फुप्फुसाचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, मलावरोध, नव्या औषधाचा परिणाम किंवा पडल्यामुळे मेंदूभोवती झालेला रक्तस्राव ही तिची कारणे असू शकतात व त्यांवर तातडीने उपचार करावे लागतात. अवटू ग्रंथीचे मंद कार्य, ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता व नैराश्य यांमुळेही स्मृतिभ्रंशासारखी लक्षणे दिसतात आणि त्यांवर औषधोपचार आहे. म्हणून ‘वयच झाले’ असे ठरविण्यापूर्वी एकदा वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. धुळे येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून जळगाव येथे २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

दूरध्वनीवरील विचारपूस : परगावच्या मुलांना दूरध्वनी हे सोयीचे साधन वाटते, परंतु या विकारात ते फसवे ठरते. शिष्टाचाराचे बोलणे दीर्घकाळ शाबूत राहत असल्याने ‘जेवलात का?’ या प्रश्नास ‘हो, जेवलो, तू कसा आहेस?’ असे सुसंगत उत्तर मिळते. ते खोटे नसते. स्मृतीतील पोकळी सवयीच्या शब्दांनी भरली जाते एवढेच. काय जेवलात, ताट कोठे आहे, असे पुढचे प्रश्न विचारले तरच खरी स्थिती कळते, आणि तीही नेहमी नाही. म्हणून दूरध्वनी हा भेटीस पूरक मानावा, पर्याय मानू नये. शेजारची एक व्यक्ती ठरवून, तिने रोज दार उघडलेले पाहावे व न उघडल्यास कळवावे, एवढी साधी योजनाही अधिक भरवशाची असते.

उन्हाळा व वाट चुकणे : एप्रिल-मे महिन्यांत जळगाव व भुसावळ परिसराचे कमाल तापमान ४५° से. पर्यंत व कधी त्याहूनही वर जाते. वार्धक्यात तहानेची जाणीव मंदावते. स्मृतिभ्रंशात पाणी पिण्याचेच विसरते, अंगावर जाड कपडे तसेच राहतात. मातीच्या धाब्याची जुनी घरे तुलनेने थंड असत. पत्र्याच्या छपराखालील खोली दुपारी भट्टीसारखी तापते. रुग्ण बाहेर जाऊ नये म्हणून बाहेरून कडी लावून शेतावर जाण्याचा मार्ग काही कुटुंबे नाइलाजाने पत्करतात. उष्माघात किंवा आग यांच्या वेळी तो प्राणघातक ठरू शकतो. या दोन महिन्यांत भेटींची संख्या वाढवावी व दुपारची एक फेरी ठेवावी.

वाट चुकण्याचा धोका या प्रदेशात वेगळ्या कारणानेही मोठा आहे. भुसावळ व जळगाव ही मोठी रेल्वे जंक्शने असून तेथून चारी दिशांना गाड्या जातात; ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना राज्य परिवहनाच्या बसमध्ये विनामूल्य प्रवासाची सवलत आहे. अत्यंत उपकारक अशी ही सोय रुग्णाला काही तासांतच परक्या जिल्ह्यात पोहोचवू शकते. यासाठी सदऱ्याच्या वा लुगड्याच्या आतील बाजूस नाव व दूरध्वनी क्रमांक शिवून ठेवावा, अलीकडचे छायाचित्र घरात असावे, बसथांब्याजवळचे दुकानदार व रिक्षावाले यांना कल्पना द्यावी. रुग्ण हरविल्यास वाट न पाहता ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावे. चुकलेली माणसे बहुधा जुने घर, जुने शेत किंवा पूर्वीचे कामाचे ठिकाण यांच्या दिशेने निघालेली असतात. सोबत करणाऱ्यास त्यांच्या गोष्टी ठाऊक असल्यास शोधाची दिशा ठरविता येते.

काळजीवाहकाची विचारपूस : रुग्णाच्या सेवेचा भार बहुधा पत्नी, सून किंवा लेक यांच्यावर पडतो. रात्रीचे जागरण, तेच ते प्रश्न, चोरीचा आळ व मलमूत्राची स्वच्छता यांमुळे तीही आजारी पडते. भाऊबंदांची टीका तिच्याच वाट्याला येते. म्हणून प्रत्येक भेटीत काही मिनिटे तिच्यासाठी राखून ठेवावीत व ती बाजारात, देवळात किंवा माहेरी जाऊन येईल इतका वेळ रुग्णापाशी बसावे. सहनशक्ती संपल्याची चिन्हे दिसल्यास दोष न देता मदत वाढवावी. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी २०२२ पासून १४४१६ ही टेलि-मानस मदतवाहिनी उपलब्ध आहे.

कायदा व शासकीय योजना : आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ अन्वये वृद्धांना उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्त्यासाठी अर्ज करता येतो, त्यांच्या वतीने अन्य व्यक्ती वा संस्थाही तो करू शकते. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट न पाळल्यास, कलम २३ प्रमाणे रद्द ठरविता येते. सातबाऱ्यावरील नाव, बक्षीसपत्रावरील अंगठा व निवृत्तिवेतनाची रक्कम यांबाबत रुग्णाची फसवणूक होणे सहज शक्य असल्याने हे कलम महत्त्वाचे आहे. सोबत करणाऱ्याने स्वतः रुग्णाचे पैसे वा कागदपत्रे हाताळू नयेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार विकाराच्या आरंभीच, समजशक्ती शाबूत असताना, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो व उपचारांविषयीची इच्छा लिहून ठेवता येते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतील साहाय्य २०२३ मध्ये दरमहा रु. १,५०० करण्यात आले. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

विचारपुशीचे बीज प्राथमिक आरोग्यसेवेतही आहे. आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी जो मूल्यमापन तक्ता भरतात, त्यात साठीवरील व्यक्तींना जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरतो का, आणि दैनंदिन कामांत दुसऱ्याची मदत लागते का, असे प्रश्न आहेत. त्यांस होकारार्थी उत्तर आलेल्या व्यक्तींची गावनिहाय यादी करून ज्येष्ठ नागरिक संघ, महिला बचतगट, भजनी मंडळे व महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजना पथके यांत त्या घरांची वाटणी केल्यास नव्या यंत्रणेवाचून ही सेवा उभी राहू शकते. आशा स्वयंसेविकेवर आधीच अनेक कामांचा भार असल्याने भेटींची जबाबदारी मात्र तिच्यावर टाकू नये. तिने केवळ दुवा व्हावे.

मर्यादा : सोबतीने मेंदूची झीज भरून येत नाही व सध्याच्या औषधांचा उपयोगही मर्यादित आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे जे चौदा धोके नोंदविले, त्यांत श्रवणदोष, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब व मधुमेह यांच्याबरोबर सामाजिक एकाकीपणाही आहे. म्हणून विकार नसलेल्या वृद्धांनाही सोबतीचा लाभ होतो. विकार अखेरच्या अवस्थेत पोहोचल्यावर, गिळणे व चालणे बंद झाल्यावर, आठवड्याची भेट अपुरी पडते आणि पूर्णवेळ शुश्रूषा लागते. त्याही अवस्थेत ओळखीचा स्वर व हाताचा स्पर्श यांना रुग्ण प्रतिसाद देताना दिसतो. सेवा सुरू करणाऱ्याने हे ध्यानी घ्यावयास हवे, की रुग्णाला भेटीचे वचन आठवत नसले, तरी ती थांबल्याचे परिणाम त्यालाच भोगावे लागतात. रोजच्या मोठ्या आश्वासनापेक्षा पंधरा दिवसांची, पण न चुकणारी भेट श्रेयस्कर ठरते.